धूमकेतूचा वास

माझ्या अंगाला वास येतो. हे मला कुणी नव्याने सांगायला नको. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचा एक छोटा कारखाना आहे, तिथल्या प्रयोगशाळेत मी काम करते. टाकीतला नमुना बाटलीत घ्यायचा, तपासायचा, आकडा टाकायचा, की पुढची बाटली. अमोनिया, फॉर्मलिन, मिथेनॉल, आणि कोपऱ्यातल्या एका यंत्रातून अधूनमधून सुटणारा सडक्या अंड्याचा वायू. हात कितीही धुतले, ॲप्रन तिथेच काढून ठेवला, तरी केसांना आणि ओढणीला वास राहतोच. कंपनीच्या बसमध्ये आम्ही सगळ्याच तशा, त्यामुळे तिथे कुणाचं काही बिघडत नाही. घरी पोचल्यावर बिघडतं.

"आई, आधी आंघोळ."

माझी मुलगी बालवाडीत होती तेव्हापासून हे म्हणते. तेव्हा ती नाक चिमटीत धरून हसत म्हणायची आणि मी मुद्दाम तिला पकडायला धावायचे. आता नववीत आहे, आता वहीतून मान वर न करता म्हणते. मलाही सवय झाली होती. पाणी तापलेलं असायचं, मी मुकाट्याने जायचे. जूनमध्ये तिच्या शाळेत विज्ञानाच्या नवीन मॅडम आल्या आणि त्या तीन शब्दांनी माझं डोकं फिरायला लागलं.

मॅडम नाशिककडच्या. वयाने माझ्याहून बऱ्याच लहान. शाळेसमोरच खोली घेऊन राहायच्या, एकट्या. पहिल्या आठवड्यात मुलगी घरी आली ती मॅडमसारखा एका बाजूला भांग पाडून. दुसऱ्या आठवड्यात तिने 'म्हणजे बघा' असं म्हणायला सुरुवात केली, कारण मॅडम प्रत्येक वाक्याआधी 'म्हणजे बघा' म्हणत. मग एके दिवशी तपासून आलेली वही तिने माझ्या नाकासमोर धरली.

"आई, वास घे. चंदनाचा आहे. मॅडमने तपासली ना, म्हणून."

मी वास घेतला. खरंच चंदन होतं. नाकाला मिरच्या झोंबल्या म्हणतात तसं झालं माझं. सरळ सांगते, मी जळले, आणि त्यात काही गैर आहे असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. पोर माझी. तिला पहिल्यांदा निळा लिटमस तांबडा करून दाखवला तो मी, याच ओट्यावर, कोकमाच्या आगळाने. तेव्हा या मॅडम स्वतःच शाळेत जात असतील.

धूमकेतूची भानगड भाताला लोंब्या भरल्या तेव्हा सुरू झाली. संध्याकाळी पश्चिमेला एक धूमकेतू दिसणार आहे, साध्या डोळ्यांनी, असं मॅडमने वर्गात सांगितलं होतं. त्या दिवशी जेवताना पोरीचं तोंड बंद होईना. धूमकेतू म्हणजे जळता तारा वगैरे काही नाही, म्हणजे बघा, तो घाणेरड्या बर्फाचा गोळा असतो. पाण्याचा बर्फ, कार्बन डायऑक्साइडचा बर्फ, कार्बन मोनॉक्साइडचा बर्फ, आणि त्यात मिसळलेली दगडाची धूळ आणि काजळीसारखा काळा कार्बन. वरून तर तो कोळशाहून काळा असतो. सूर्याजवळ आला की बर्फाची सरळ वाफ होते, ती धूळ घेऊन बाहेर पडते, तीच शेपटी.

"आणि आई, त्याच्यात अमोनियापण असतो. मॅडम म्हणाल्या."

माझा भाकरीचा हात तिथेच थांबला. अमोनिया ही मला सांगते, आणि तेही मॅडमच्या नावाने.

माझा नवरा शहापूर-मुरबाड जीप चालवतो. दिवसभर माणसं ऐकून त्याला बोलण्याची खोड लागली आहे. तो म्हणाला, "मंग तुझ्या आयच्या कंपनीत काय दही लावतात?"

"पप्पा, ते वेगळं. हा अंतराळातला अमोनिया."

"अमोनिया सगळीकडे सारखाच असतो," मी म्हटलं. "एक नायट्रोजन, तीन हायड्रोजन. अंतराळात गेला म्हणून त्याला शिंगं फुटत नाहीत."

पोरीने माझ्याकडे असं बघितलं की मी जणू मॅडमलाच काही बोलले. नवरा गालात हसत होता. नंतर भांडी आवरताना हळूच म्हणाला, "कशाला जळतंस गो तिच्यावर?" मी त्याला वरणाचं पातेलं घासायला दिलं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी मोबाइलवर धूमकेतूंबद्दल वाचायला सुरुवात केली. शिकायला नाही. मॅडमची चूक शोधायला. शहापूरच्या कॉलेजात मीही केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाले आहे, एवढी तर मला सापडेल अशी खात्री होती.

एक यान एका धूमकेतूजवळ जाऊन बराच काळ त्याच्याबरोबर फिरलं होतं आणि त्यातून निघणारे वायू त्याने मोजले होते. ते सगळे एकत्र करून हुंगले तर कसा वास येईल, हेही शास्त्रज्ञांनी लिहिलं होतं. वाचत गेले तशी मी सीटवर सरळ झाले. अमोनिया. फॉर्मल्डिहाइड, म्हणजे आमचं फॉर्मलिन ज्यापासून होतं ते. मिथेनॉल. हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याचं. ही तर आमच्या प्रयोगशाळेची फळी होती, डावीकडून उजवीकडे. आमच्याकडे नसलेला एकच वायू होता, हायड्रोजन सायनाइड, कडू बदामाच्या वासाचा, आणि तो नाही हे आमचं नशीब. बाकीचा धूमकेतू मी रोज ओढणीला लावून घरी नेत होते आणि न्हाणीत धुऊन टाकत होते.

मला इतकं बरं वाटलं की शेजारच्या बाईला सांगावंसं वाटलं. पण ती झोपली होती.

त्या आठवड्यात मी वाचतच राहिले. धूमकेतू कुठून आले, तेही कळलं. सूर्य तयार होत होता तेव्हा त्याच्याभोवती धुळीचा आणि वायूचा घेर होता. सूर्याजवळ ऊब होती, तिथे बर्फ टिकला नाही, फक्त दगड आणि धातू उरले, त्यांची पृथ्वीसारखी गोळी झाली. लांब, गारठ्यात, जे काही होतं ते तसंच गोठलं. त्यातले काही गोळे नेपच्यूनच्या पलीकडे राहिले. काहींना मोठ्या ग्रहांनी ओढाताण करून इतकं लांब भिरकावलं की तिथून सूर्य म्हणजे नुसता एक चमकता ठिपका. तिथे ते अजून तसेच आहेत, कधी ऊन न लागलेले. त्यांच्यातला काही बर्फ सूर्याहूनही जुना असावा असं म्हणतात. एका धूमकेतूतून तर साधा अल्कोहोल आणि एक साखर निघताना दिसली होती. ते मी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हंजे वर पण मोहाची गाळतात."

आणि चूक सापडली. मॅडमने वर्गात सांगितलं होतं की पृथ्वीवरचं पाणी धूमकेतूंनी आणलं, आपल्या तानसा तलावातलंसुद्धा. मी वाचलं होतं ते असं: पाण्यात थोडा जड हायड्रोजन असतो, आणि बऱ्याच धूमकेतूंच्या पाण्यात तो आपल्या समुद्रापेक्षा जास्त निघाला. काहींचा जुळतो, सगळ्यांचा नाही. म्हणून आपलं बरंचसं पाणी लघुग्रहांमधून आलं असावं, असं आता पुष्कळांना वाटतं.

मी हे पोरीला अगदी सहज सांगितल्यासारखं सांगितलं. भाजी निवडताना. आतून उकळ्या फुटत होत्या.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली ती उड्या मारत. "आई, मी मॅडमला सांगितलं. त्यांनी सगळ्या वर्गासमोर म्हटलं, हिच्या आईचं बरोबर आहे, मी घाईत बोलले. आई, कित्ती मोठ्या मनाच्या आहेत ना मॅडम."

एवढा अभ्यास करून मी मॅडमचं मन मोठं करून ठेवलं होतं.

धूमकेतू बघायला मॅडम मुलांना शाळेमागच्या माळावर नेणार होत्या. मी आधी सांगून ठेवलं होतं की आपण दोघी आपल्या खळ्यातून बघू, तिथूनही पश्चिम मोकळी दिसते. पोर म्हणाली, "पण मॅडमकडे दुर्बीण आहे." त्या संध्याकाळी मी बसमधून उतरले तेव्हा ढग बाजूला झाले होते आणि माळावर पोरांचा घोळका दिसत होता. मी रस्त्यावरच उभी राहिले. डोंगरावर जिथे अजून थोडा पिवळा उजेड होता, त्याच्या वर तो दिसला. पाटीवरचा खडू बोटाने पुसला की जशी पांढरी रेघ राहते, तेवढाच. मी त्याच्याकडे बघायला हवं होतं. मी बघत होते खाली. माझी मुलगी मॅडमच्या खांद्याला टेकून उभी होती, डोकं त्यांच्या मानेपाशी, आणि मॅडम हात लांब करून तिला आकाशात काहीतरी दाखवत होत्या.

माझ्या खांद्याला ती शेवटची कधी टेकली होती, ते मला आठवेना. आंघोळीनंतरची वेळ असायची ती, आणि तोवर तिचा अभ्यास सुरू झालेला असायचा.

घरी आल्यावर तिने विचारलं, "आई, तू पाहिलास?"

"पाहिला," मी म्हटलं. "छान होता."

"आई, आधी आंघोळ."

दिवाळी झाली, भात झोडून झालं आणि विज्ञान प्रदर्शनाची गडबड सुरू झाली. शहापूरला तालुक्याच्या सगळ्या शाळा येणार होत्या. मॅडमने माझ्या पोरीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना धूमकेतू बनवायला सांगितलं होतं. कल्याणहून कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, मॅडम स्वतः आणणार होत्या. त्यात पाणी, काळी धूळ, थोडा अमोनिया असं मिसळून गोळा करायचा, की तो खराखुरा धुमसत राहतो.

मी वाट बघत राहिले. अख्ख्या पंचक्रोशीत अमोनियाशी रोज गाठ पडते अशी बाई म्हणजे मी. पोर मला विचारील, आई अमोनिया कसा घ्यायचा, किती घ्यायचा. एक दिवस गेला, दोन गेले. शेवटी मीच विचारलं.

"मॅडम म्हणाल्या, कंपनीतलं काय आणायचं नाय. धोका असतो. आमी खत घेतलंय. सल्फेटच्या खतात अमोनिया असतोच ना."

मॅडमचं बरोबर होतं. कंपनीतला थेंबही मी बाहेर काढला नसता. बरोबर होतं म्हणूनच जास्त लागलं. मी म्हटलं, "करा तुमचं तुमी," आणि विषय सोडला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी कामावर असताना पोरींनी आमच्या घरी बादलीत कोरडा बर्फ सोडून बाकी सगळं कालवून ठेवलं. उद्या घाई नको म्हणून. कुणाचा पाय लागू नये म्हणून बादली ठेवली गोठ्यात, म्हशीच्या मागे. सकाळी नवरा धार काढून आला तो डोळे पुसत.

"म्हशीला काय झालंय गो? आज लयच उग्र येतंय."

"म्हैस तुमची, तुमीच बघा," मी म्हटलं. मला सकाळची बस गाठायची होती. निघताना पोर दारापर्यंत आली. मला वाटलं, काहीतरी चांगलं बोलेल.

"आई, तू ये हां प्रदर्शनाला. पण घरी जाऊन, आंघोळ करून ये."

मी हो म्हटलं आणि दिवसभर त्या वाक्याचा घास गिळता आला नाही. मॅडमच्या शेजारी उभी राहणार मी. तिला माझी लाज वाटते, एवढंच त्यातून मला ऐकू येत होतं. त्यात पाळी बदलायला जी मुलगी येते ती उशिरा आली. घरी जाऊन आंघोळ केली असती तर शहापूरला पोचेपर्यंत सगळं आवरलं असतं. नवरा जीप घेऊन मुरबाडच्या नाक्यावर थांबला होता, मी तशीच बसले. माझ्या शेजारी एक बाई होती. थोड्या वेळाने ती खिडकीकडे सरकली, पदर नाकाला लावून. मी बाहेर बघत राहिले.

शहापूरच्या शाळेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मी मागे, खांबाशी उभी राहिले. पोरींच्या टेबलाभोवती सगळ्यात जास्त गर्दी होती. थर्मोकोलच्या खोक्यात काळा, खडबडीत गोळा, आणि त्यातून पांढरा धूर टेबलावरून खाली ओघळत होता. मॅडम बाजूला उभ्या होत्या, मोरपंखी साडीत. मला एवढ्या लांबून चंदनाचा वास येत असल्यासारखं वाटलं, तो माझ्या मनाचा खेळ असणार.

परीक्षक वयस्कर होते, पिकल्या केसांचे, बारीक चौकशी करणारे. पोर छान बोलत होती. सूर्याचा जन्म, गारठ्यातली धूळ, नेपच्यूनच्या पलीकडचे गोळे, जड हायड्रोजनसुद्धा. मला वाटलं, हे तर माझं. मग परीक्षकांनी गोळ्यावर वाकून वास घेतला.

"अमोनिया घातलाय म्हणतेस. वास तर येत नाही."

पोरीने वाकून बघितलं. मैत्रिणींनी एकमेकींकडे बघितलं.

"धूळ म्हणून काय वापरलंत?" त्यांनी विचारलं.

"चुलीतली राख, सर."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. राख म्हणजे क्षार. ओल्या राखेत अमोनियाचं खत कालवलं की अमोनिया सुटून उडून जातो. रात्रभर तो उडत राहिला होता, आणि आमच्या घरात एकालाही कळलं नव्हतं, कारण गोठ्यात तोच वास रोज असतो. नवऱ्याचे डोळे चुरचुरले त्याचा दोष बिचाऱ्या म्हशीवर गेला. थोडाफार उरला असेल तो कोरड्या बर्फाने बांधून टाकला. एवढ्या नाकाची मी, पण मलाही समजलं नव्हतं.

"मग धूमकेतूचा वास कसा असतो, हे तू सांगतेस ते नुसतं ऐकीव?" परीक्षक म्हणाले.

मॅडम पुढे झाल्या, "म्हणजे बघा सर," पण त्यांनी हाताने थांबवलं. "मुलीला सांगू दे."

पोरीने मॅडमकडे बघितलं. मग गर्दीत इकडेतिकडे बघितलं आणि तिला मी दिसले. मी ओढणी आवळून घेतली आणि खांबाच्या मागे सरकले. कामाचे कपडे, कामाचे केस. तिने सांगितलं होतं, आंघोळ करून ये.

"आई, पुढे ये."

मी हलले नाही. ती टेबलामागून निघाली, गर्दीतून वाट काढत आली आणि माझा हात धरून मला पुढे घेऊन गेली.

"सर, ही माझी आई. मुरबाडला कंपनीत लॅबमध्ये असते. आताच कामावरून आलीय." तिने माझ्या ओढणीचं टोक हातात घेऊन त्यांच्यासमोर धरलं. "वास घ्या."

मागे कुणीतरी हसलं. परीक्षक जरा घोटाळले, मग वाकले, आणि नाक आखडून मागे झाले.

"अमोनिया," ते म्हणाले.

"आणि फॉर्मलिन. मिथेनॉल. आणि शेवटी येतो तो सडक्या अंड्याचा, हायड्रोजन सल्फाइड. फक्त सायनाइड नाय हिच्याकडे." पोर सरळ उभी राहून बोलत होती. "मी ऐकून सांगत नाय, सर. मी लहान असल्यापासून रोज संध्याकाळी हा वास घेते. धूमकेतूत काय काय असतं ते मॅडमने सांगितलं ना, तेव्हाच मला कळलं. धूमकेतूला माझ्या आईसारखा वास येत असणार."

आता कुणी हसलं नाही. मला कुठे बघावं कळेना, म्हणून मी त्या काळ्या गोळ्याकडे बघत राहिले. ओढणी अजून तिच्या मुठीत होती. परीक्षकांनी काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले. मग मॅडम जवळ आल्या. त्यांनीही ओढणीचं दुसरं टोक उचलून नाकाशी नेलं, जरा वेळ तसंच धरलं, आणि पोरीकडे बघितलं. पोर माझ्याकडे बघत होती. मॅडमच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी लगेच ओळखलं. जूनपासून आरशात तेच बघत आले होते. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

बक्षीस उत्तेजनार्थ मिळालं. परतताना जीपमध्ये मी राखेचं आणि खताचं सांगितलं, तर नवऱ्याने कपाळावर हात मारला. "राख नि सल्फेट एकत्र? अगो, कुणी करतं का असं? म्हणून म्हैस रडत व्हती." पोर खूप हसली. मग हसता हसता म्हणाली, उद्या मॅडमला सांगायला पाहिजे. मला पुन्हा थोडंसं टोचलं, पण थोडंसंच.

घरी आलो. चूल पेटवून मी पाणी ठेवलं. पोर दप्तर उघडून ओटीवर अभ्यासाला बसली.

"आई, आधी आंघोळ," ती म्हणाली, वहीतून मान वर न करता.

"पाणी तापू दे," मी म्हटलं, आणि तशीच, कामाच्या कपड्यांत, तिच्या शेजारी अगदी खेटून जाऊन बसले. ती सरकली नाही.